मस्कतहून दुबईची धावती भेट : गलाईत आयुष्य गेलेल्या वडिलांना काय दाखवावे?

खानापूरकर (मस्कत)

सर्वांना नमस्कार. मी खानापूर तालुक्यातला, विट्याजवळच्या एका लहान गावचा असून नोकरीनिमित्त पत्नी आणि मुलीसह मस्कतमध्ये राहतो. येत्या डिसेंबरात आई आणि तात्या आमच्याकडे येणार आहेत आणि त्यांचा हा पहिलाच परदेश प्रवास आहे. ओमानमध्ये आठवड्याची सुट्टी शुक्रवार-शनिवारी असते. तिला रविवार जोडून सर्वांनी गाडीने दुबईला जाऊन यावे, असा विचार आहे. सोहारवरून हत्ताच्या सीमेने अंतर साधारण साडेचारशे किलोमीटर पडते, म्हणजे सीमेवर जाणारा वेळ धरला तर जाण्यात अर्धा दिवस आणि येण्यात अर्धा दिवस मोडणार. उरलेला थोडा वेळ कसा वापरावा, याबद्दल घरात एकमत होत नाही, म्हणून येथे विचारतो आहे.

तात्यांचे उभे आयुष्य गलाईच्या कामात गेले. आमच्या दुष्काळी भागातली मिसरूड न फुटलेली मुले जशी भट्टीवर जात, तसेच तेही गेले आणि तमिळनाडूतल्या एका लहान पेठेत जुने दागिने वितळवून, तेजाबात सोने-चांदी वेगळी करून, शुद्ध झालेला माल सराफांना परत देत राहिले. दुबईहून येणाऱ्या सोन्याच्या बिस्किटांच्या गोष्टी त्यांनी तरुणपणापासून ऐकल्या आहेत. त्यांनी माझ्याकडे कधी काही मागितले नाही, पण या वेळी फोनवर एवढेच म्हणाले, "तिथला सोन्याचा बाजार बघायला मिळेल का?" मला ही त्यांची इच्छा मनापासून पूर्ण करायची आहे.

दुसरीकडे, मुलीने बुर्ज खलिफाचा ध्यास घेतला आहे, पत्नीला भविष्याचे संग्रहालय पाहायचे आहे आणि आईला तिथल्या देवळात जायचे आहे. तात्यांचे गुडघे दुखतात आणि त्यांना मधुमेह आहे. अशा परिस्थितीत मुक्काम कोणत्या भागात करावा, कशाला किती वेळ द्यावा आणि आई-तात्यांच्या कागदपत्रांबाबत कोणती काळजी घ्यावी, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

आटपाडीकर (देरा, दुबई)

दादा, तुमचा प्रश्न वाचून फार बरे वाटले, कारण मीही त्याच मुलखातला आणि त्याच धंद्यातला आहे. माझे आजोबा आणि चुलते गलाईत होते आणि मी येथे एका सोने शुद्ध करणाऱ्या कारखान्यात काम करतो. बाजाराबद्दल सविस्तर लिहितो, पण आधी कागदपत्रांचे पाहा, कारण तिथे अडचण आली तर बाकीचे बेत जागच्या जागी राहतील.

तुमच्याकडे ओमानचे रहिवासी कार्ड असल्यामुळे तुम्हा तिघांना आखाती देशांतील रहिवाशांसाठी असलेला अमिरातीचा ई-व्हिसा ऑनलाइन मिळू शकतो. तो निघण्यापूर्वीच काढून ठेवा आणि पासपोर्टची मुदत किमान सहा महिने शिल्लक आहे ना, हे तपासा. आई-तात्या मात्र ओमानमध्ये पाहुणे म्हणून असतील, त्यामुळे त्यांना ही सवलत लागू होत नाही. त्यांच्यासाठी अमिरातीचा पर्यटक व्हिसा वेगळा काढावा लागेल. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी, की त्यांचा ओमानचा व्हिसा एकदाच प्रवेश देणारा असेल, तर हत्ताला ओमानच्या बाहेर पाऊल पडताच तो संपतो आणि रविवारी परत मस्कतला येताना त्यांना नवीन व्हिसा लागतो. यावर मला सुचणारा सोपा मार्ग हा, की आई-तात्यांचे येण्याचे विमान मस्कतचे आणि परतीचे विमान दुबईचे काढावे. दुबईची सहल त्यांच्या मुक्कामाच्या अगदी शेवटी ठेवली की ते दुबईहूनच पुण्याला किंवा मुंबईला उतरतील, तुम्ही तिघे गाडीने मस्कतला परताल आणि त्यांची परतीची साडेचारशे किलोमीटरची बैठकही वाचेल. तुमच्या गाडीचा विमा अमिरातीत लागू होतो याची नोंद विमा कंपनीकडून घ्या आणि दुबईतल्या पथकरासाठी गाडीचा क्रमांक आधीच नोंदवा.

आता बाजाराबद्दल. सोन्याचा बाजार देरा भागात, खाडीच्या उत्तर काठाला आहे आणि मेट्रोच्या हिरव्या मार्गावरील अल रास स्थानकापासून तो जवळ आहे. मुख्य गल्लीवर लाकडी छप्पर आहे आणि दोन्ही बाजूंना लहान-मोठी दुकाने आहेत. तेथील एका दुकानात सुमारे ६४ किलो वजनाची, २१ कॅरेटची अंगठी लोकांना पाहण्यासाठी ठेवलेली असते. जगातील सर्वांत जड अंगठी म्हणून तिची नोंद झालेली आहे. बहुतेक पर्यटक तिच्यासमोर छायाचित्र काढतात आणि पुढे निघून जातात. तात्यांच्या बाबतीत एवढ्यावर थांबू नका. मुख्य गल्ली सोडून आजूबाजूच्या आडव्या गल्ल्यांत शिरा. तिथे मोड, म्हणजे जुने सोने, विकत घेणारी आणि सोने वितळवून त्याचा टच, म्हणजे शुद्धता, काढून देणारी लहान दुकाने आहेत. कसोटीच्या दगडावर रेघ ओढून, तेजाबाचा थेंब टाकून सोन्याचा कस सांगणाऱ्या माणसाला क्ष-किरणांच्या यंत्रात दागिना ठेवल्यावर अर्ध्या मिनिटात टक्केवारी उमटताना दाखवा. आणि त्याच माणसाला हेही सांगा, की एवढी यंत्रे असूनही मोठ्या व्यवहारात शेवटचा शब्द आजही भट्टीचाच असतो. सोन्याचा नमुना शिशासह तापवून, हिणकस धातू मुशीत शोषून घेऊन, उरलेल्या गोळीतली चांदी नायट्रिक तेजाबात विरघळवून जे वजन हाती येते, तेच प्रमाण मानले जाते. चांदी मिसळून सोन्याचा वाटा चौथाईवर आणायचा आणि मग तेजाबात उकळायचे, हे तात्यांनी आयुष्यभर केलेले काम आणि आमच्या प्रयोगशाळेत आज होणारे काम यांच्या मुळाशी एकच विद्या आहे. ही गोष्ट त्यांना दुबईत उभे राहून कळली पाहिजे, असे मला फार वाटते.

दुकानदाराला विनंती केली तर तो टेन तोला बार हातात घेऊन पाहू देईल. दहा तोळ्यांचे, म्हणजे ११६.६४ ग्रॅमचे हे बिस्किट खास आपल्या उपखंडाच्या बाजारासाठी रूढ झाले. आपल्याकडे आता तोळा म्हणजे दहा ग्रॅम धरतात, पण या बिस्किटात जुना तोळा टिकून आहे, आणि जुन्या तोळ्यावर हिशेब केलेल्या माणसाला त्याचे वजन हातानेच कळेल.

एक वेळेची सूचना. शुक्रवारी दुपारी नमाजाच्या वेळी या बाजारातली दुकाने बंद असतात, त्यामुळे शुक्रवारी संध्याकाळी किंवा शनिवारी सकाळी या. मला निरोप पाठवलात तर शनिवारी मी स्वतः बरोबर येईन. आमच्या कारखान्यात बाहेरच्या माणसांना प्रवेश नाही, पण गल्लीतल्या ओळखीच्या भट्टीवाल्याकडे तात्यांना निवांत बसवता येईल.

मिरजेची लेक (शारजा)

खानापूरकर दादा, मी परिचारिका आहे आणि माझे सासू-सासरे दर हिवाळ्यात येथे येतात, म्हणून काही गोष्टी काळजीपोटी लिहिते.

तात्यांची औषधे मूळ पाकिटात ठेवा आणि डॉक्टरांची चिठ्ठी इंग्रजीत घ्या. गुडघ्यांसाठी दिलेल्या वेदनाशामक गोळ्यांत ट्रॅमाडॉल किंवा कोडीन असेल, तर येथे ती नियंत्रित औषधे आहेत आणि पूर्वपरवानगीशिवाय आणता येत नाहीत. आपल्याकडे अशा गोळ्या सहज लिहून दिल्या जातात, त्यामुळे गावाकडून निघण्यापूर्वीच डॉक्टरांना विचारून पर्यायी औषध घेतलेले बरे. इन्सुलिन असेल तर गाडीच्या मागच्या भागात सामानाबरोबर ठेवू नका, ते जवळच्या थंड पिशवीत असू द्या.

दुसरी गोष्ट आईंसाठी आहे आणि ती मी आपल्या भागातल्या प्रत्येकाला सांगते. अमिरातीत खसखस आणण्यास सक्त मनाई आहे, कारण ती अफूच्या झाडाचे बी म्हणून अमली पदार्थांच्या कायद्यात मोडते. आपल्या घरच्या कांदा-लसूण मसाल्यात खसखस असते, अनारसे तर खसखशीवरच थापतात आणि लाडवांतही ती पडते. आईंचे परतीचे विमान दुबईहून काढणार असाल, तर त्यांचे सगळे सामान हत्ताच्या सीमेवरून जाईल. तेव्हा बॅगा मस्कतमध्येच एकदा उघडून पाहा आणि मसाला, अनारसे तिकडेच ठेवा. तात्यांना तंबाखूची सवय असेल, तर रस्त्यावर थुंकल्यास येथे दंड होतो, हेही त्यांना आधी शांतपणे सांगा.

मुक्कामाबद्दल माझे मत स्पष्ट आहे. बुर्ज खलिफाजवळच्या महागड्या हॉटेलांच्या मागे लागू नका. बर दुबई किंवा देरा भागात राहा. तिथे शाकाहारी जेवण पावलोपावली मिळते, खोल्या परवडतात, बाजार आणि खाडी जवळ पडते आणि आईंना आजूबाजूला हिंदी बोलणारी माणसे भेटतात. बुर्ज खलिफाला जाताना मेट्रोने गेलात तर स्थानकापासून दुबई मॉलपर्यंत वातानुकूलित पूल आहे. सरकते पट्टे असले तरी तो पाऊण किलोमीटरहून लांब आहे आणि त्यानंतर मॉलमधले अंतर वेगळेच. तात्यांना घेऊन टॅक्सीने थेट मॉलच्या दाराशी उतरा आणि आत चाकांची खुर्ची मागून घ्या. ते नको म्हणतील, आमचेही म्हणाले होते, तरीही घ्या. मेट्रोचा अनुभव द्यायचा असेल तर एखादा लहान टप्पा पुरे. चालकाशिवाय धावणारी ही गाडी ९ सप्टेंबर २००९ पासून सुरू आहे आणि पहिल्या डब्यात बसले की समोरच्या काचेतून पूर्ण रस्ता दिसतो. मात्र डब्यात खाण्यापिण्यास बंदी आहे. तात्यांची साखर खाली जाण्याची भीती असेल, तर गाडीत चढण्यापूर्वीच त्यांना काहीतरी खाऊ घाला.

माणदेशी (सातारा)

मी निवृत्त शिक्षक आहे. इतिहास शिकवण्यात माझी नोकरी गेली आणि मुलगा अबुधाबीला असल्यामुळे हा प्रदेश मी अलीकडे पाहून आलो आहे. वरील दोन्ही उत्तरे उपयुक्त आहेत, परंतु एका बाबतीत माझे मत निराळे आहे आणि ते मी तात्यांच्या वयाचा माणूस या नात्याने मांडतो.

म्हाताऱ्या माणसाने सोन्याचा बाजार मागितला, म्हणून उंच इमारती त्याच्यासाठी नाहीत, असे परस्पर ठरवू नये. बुर्ज खलिफा ८२८ मीटर उंच आहे आणि ४ जानेवारी २०१० रोजी ती खुली झाली. १२४ व्या मजल्यावर उद्वाहक मिनिटभरात नेतो आणि तिथून एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला वाळवंट आणि मध्ये हे सगळे शहर एकत्र दिसते. मला स्वतःला त्या उंचीपेक्षा त्या वाळवंटाने अधिक विचार करायला लावले. पाण्याअभावी माणसे बाहेर पडतात, हे आपण माण, खटाव, आटपाडी, खानापूरच्या लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या पाहिले आहे. पाणी नसलेल्या जागेकडे जगभरची माणसे येतात, हे तिथे प्रथमच पाहायला मिळते. तात्या हे सारे तुमच्यापेक्षा अधिक समजून पाहतील. तेव्हा मुलीबरोबर आजोबांनाही वर घेऊन जा. फक्त सूर्यास्ताच्या वेळची तिकिटे महाग असतात आणि गर्दीही अधिक असते, म्हणून सकाळची वेळ घ्या. संध्याकाळी खालच्या तलावावरचे कारंजे विनामूल्य पाहता येते.

आता बाजाराकडे जाण्याच्या वाटेबद्दल. गाडीने थेट दारात उतरू नका. बर दुबईच्या धक्क्यावरून अब्रा नावाच्या लाकडी होडीत बसा आणि खाडी ओलांडून देराला जा. भाडे माणशी एक दिरहम आहे आणि वेळ पाच-सात मिनिटे लागतो. ही खाडी हेच दुबईच्या भाग्याचे मूळ आहे. १९६० च्या सुमारास दुबईचे शासक शेख रशीद यांनी कर्ज काढून गाळ उपसला आणि मोठी गलबते आत येऊ लागली. तेल सापडले ते त्यानंतर, १९६६ मध्ये. म्हणजे व्यापार आधी होता आणि त्या व्यापारात सोन्याचा वाटा मोठा होता.

तात्यांना होडीत बसल्यावर सांगता येईल असा आणखी एक धागा आहे. त्या काळी या सबंध किनाऱ्यावर आपला रुपया चालत असे. तिथे रुपये देऊन घेतलेले सोने चोरट्या मार्गाने भारतात येई आणि ते रुपये परत आले की सरकारला त्यांच्या बदल्यात परकीय चलन मोजावे लागे. हे थांबवण्यासाठी १९५९ मध्ये रिझर्व्ह बँकेने फक्त आखातासाठी वेगळ्या रंगाच्या नोटा काढल्या. १९६६ मध्ये रुपयाचे अवमूल्यन झाल्यावर दुबईने तो रुपया सोडला. आपण राहता त्या ओमानमध्ये तो १९७० पर्यंत चालला. इकडे भारतात जानेवारी १९६३ मध्ये सुवर्ण नियंत्रण आले, १४ कॅरेटपेक्षा अधिक शुद्धतेचे दागिने घडवण्यावर बंदी आली आणि हजारो सोनार कारागिरांच्या चुली थंडावल्या. पुढे १९६८ चा कायदा झाला आणि तो १९९० मध्ये रद्द होईपर्यंत सोन्याच्या प्रत्येक व्यवहारावर सरकारी नजर राहिली. तात्यांच्या उमेदीची वर्षे नेमकी याच काळातली असणार. एकीकडे बंधने आणि दुसरीकडे या खाडीतून सुटणारी गलबते, या दोहोंच्या मध्ये त्यांची भट्टी पेटत होती. म्हणून ते बाजार मागत आहेत, असे मला वाटते. त्यांना बोलते करा आणि नातीला शेजारी बसवा, कारण हा इतिहास तिला पुस्तकात मिळणार नाही.

आईंच्या देवदर्शनासाठी दोन पर्याय आहेत. अबुधाबीच्या स्वामीनारायण मंदिराचे उद्घाटन १४ फेब्रुवारी २०२४ रोजी झाले. राजस्थानच्या गुलाबी दगडातले कोरीव काम आणि सात शिखरे पाहताना माणूस हरखून जातो, पण दुबईहून जाऊन-येऊन अर्ध्या दिवसाहून अधिक वेळ लागतो, आधी नोंदणी करावी लागते आणि सोमवारी ते बंद असते. जेबेल अली येथील मंदिर ऑक्टोबर २०२२ पासून खुले आहे, ते दुबईतच आहे आणि शेजारी गुरुद्वारा आहे. तुमच्याकडचा वेळ पाहता मी जेबेल अलीच सुचवीन.

खानापूरकर (मस्कत)

सर्वांचे मनापासून आभार. परतीच्या विमानाचा आणि व्हिसाचा मुद्दा माझ्या लक्षातच आला नसता, आणि खसखशीबद्दल वाचून पत्नीने लगेच आईला फोन केला. बेत असा ठरवला आहे. शुक्रवारी सकाळी लवकर निघून दुपारी बर दुबईत मुक्कामाला पोहोचायचे आणि संध्याकाळी फक्त खाडीकाठी बसायचे. शनिवारी सकाळी अब्राने देराला जाऊन आटपाडीकर दादांबरोबर तात्यांना हवा तेवढा वेळ बाजारात थांबायचे. त्याच वेळी पत्नी आणि मुलगी संग्रहालय पाहून येतील. शनिवारी संध्याकाळी सर्वांनी कारंजे पाहायचे. रविवारी सकाळी बुर्ज खलिफा, दुपारी जेबेल अली आणि रात्री आई-तात्यांचे विमान. दुसऱ्या दिवशी कामावर जायचे असल्यामुळे आम्ही विमानतळावरूनच मस्कतकडे निघू. माणदेशी सरांनी लिहिले ते वाचून तात्यांसाठीही वरचे तिकीट काढले आहे.

एक शेवटचा प्रश्न आहे. तात्यांनी आईसाठी काहीतरी घ्यायचे मनात धरले आहे. दुबईचे सोने खरोखर स्वस्त पडते का, आणि ते दोघे येथून थेट भारतात जाणार असल्यामुळे ते त्यांच्याकडे दिले तर चालेल का?

आटपाडीकर (देरा, दुबई)

दादा, यात नीट लक्ष घाला. सीमा शुल्कात दागिन्यांची जी सूट मिळते, म्हणजे पुरुषाला २० ग्रॅम आणि स्त्रीला ४० ग्रॅम, ती एक वर्षाहून अधिक काळ परदेशात राहिलेल्या भारतीयांसाठी आहे. आई-तात्या महिना-दीड महिना राहून परतणार, म्हणून ती त्यांना लागू होत नाही. तुम्ही आणि वहिनी पुढे सुट्टीवर गावी जाल, तेव्हा तुमच्या हातून नेता येईल. अटी बदलत असतात, त्या त्या वेळी पाहून घ्या. ही सूट केवळ दागिन्यांना आहे, बिस्किटांना किंवा नाण्यांना नाही. आई येताना अंगावर स्वतःचे जड दागिने घालून येणार असतील, तर भारतातून निघतानाच सीमा शुल्क अधिकाऱ्यांकडून त्यांचे निर्यात प्रमाणपत्र घ्यावे, म्हणजे परतताना प्रश्न उद्भवत नाही.

स्वस्ताईचे म्हणाल, तर फरक आता पूर्वीइतका राहिलेला नाही. जुलै २०२४ मध्ये भारताने सोन्यावरचे आयात शुल्क १५ टक्क्यांवरून ६ टक्क्यांवर आणले आणि येथे २०१८ पासून दागिन्यांवर ५ टक्के मूल्यवर्धित कर आहे. सोन्याचा दर सगळ्या दुकानांत सारखाच लावलेला असतो, घासाघीस होते ती घडणावळीत. त्यामुळे साध्या घडणीचा, मशीनवर केलेला दागिना घेतला तरच थोडा फायदा होतो. भरपूर कलाकुसरीचा घेतला तर आपल्या सांगलीच्या सराफ पेठेत घेतल्यासारखेच पडते. बिलावर शुद्धता, वजन आणि घडणावळ वेगवेगळी लिहून घ्या.

तात्यांना आईसाठी घ्यायचेच असेल, तर निवड त्यांना करू द्या आणि दागिना तुमच्याकडे ठेवा. शनिवारी सकाळी दहा वाजता अल रासच्या बाजूच्या अब्रा धक्क्यावर मी उभा राहीन. निघण्याच्या आदल्या दिवशी मला निरोप पाठवा, म्हणजे भट्टीवाल्यालाही तशी कल्पना देऊन ठेवतो.